रिस्टोर १०० टक्के, मशीन ठप्प: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हला पाचपैकी चार

बॅकअप सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू पैशाला पासरी आहेत, आणि बहुतेक सगळे 'रिस्टोर यशस्वी' या हिरव्या खुणेपाशी येऊन थांबतात. खरी परीक्षा त्यानंतर रीस्टार्टचं बटण दाबल्यावर असते. म्हणून हा रिव्ह्यू बॅकअप सॉफ्टवेअरचा नाही. हिरवी खूण येऊनही मशीन उठत नाही तेव्हा जी वस्तू हातात असावी लागते तिचा आहे: मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केलेला विंडोजचा साधा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह.

लोकांच्या लेखी हा पेनड्राइव्ह म्हणजे फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकायचं साधन. एका लहान ऑफिसची मशीन्स आणि नात्यागोत्यातले लॅपटॉप माझ्या गळ्यात आहेत. त्यासाठी मी असा एक पेनड्राइव्ह कायम बनवून ठेवते, पण त्यातून नवीन विंडोज टाकायची वेळ फार कमी येते. माझं काम आतल्या काळ्या कमांड प्रॉम्प्टशी असतं. माझे चार तारे त्या काळ्या खिडकीला आहेत. बाकीच्या सजावटीला दीड दिला असता.

बनवायला काही कष्ट नाहीत. ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह लागतो, टूल चालवायचं आणि चहाला जायचं. पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते पुसलं जातं, एवढं ध्यानात ठेवा. आणि हे मशीन चालू असताना करून ठेवा, कारण नंतर तेच मशीन तुम्हाला हे बनवू देणार नाही आणि शेजाऱ्याचा लॅपटॉप मागायची वेळ नेमकी रात्री येते.

आता हा कामाला कसा येतो ते एका ताज्या प्रकरणावरून सांगते. मावसभावाची एसएसडी गेली. बॅकअप होता, विकतच्या सॉफ्टवेअरने घेतलेला. नाव लिहीत नाही, कारण हा घोळ अनेकांमध्ये होऊ शकतो. नवीन डिस्क बसवली, त्या सॉफ्टवेअरच्याच रेस्क्यू डिस्कने इमेज, म्हणजे बॅकअपमधली हुबेहूब नक्कल, रिस्टोर केली, आणि मग फोन आला.

"ताई, १०० टक्के सक्सेसफुल म्हणालं आणि आता म्हणतंय बूट डिव्हाइस सापडत नाही."

"बॅकअप घेताना कुठल्या कुठल्या पार्टिशनला टिक होती?"

"सी ला. बाकीची बारकी बारकी होती, १०० एमबी वगैरे. ती टिक मी काढली नाही हं, त्यानेच नव्हती केली."

झालं. निदान तिथेच झालं. यूईएफआय पद्धतीच्या (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या) मशीनवर, म्हणजे गेल्या कित्येक वर्षांतल्या जवळपास सगळ्या मशीनवर, विंडोज सी मध्ये असतं पण ते उठवणाऱ्या फाइली सी मध्ये नसतात. त्या असतात ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाच्या एका चिमुकल्या पार्टिशनवर. ते फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असतं, आकार साधारण १०० एमबी, काही कंपन्या २६० ठेवतात. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून 'धिस पीसी' उघडल्यावर ते दिसतच नाही. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर असतो आणि बीसीडी नावाची नोंद असते: कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवरून विंडोज उठवायचं याची. सी चा बॅकअप कितीही निर्दोष असो, हे पार्टिशन नसेल तर फर्मवेअरला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमला, विंडोज दिसत नाही. डेटा सगळा सुखरूप आणि मशीन बंद, असा हा विचित्र प्रकार.

आणि इथेच माझा त्या सॉफ्टवेअरवर राग आहे. संपूर्ण सिस्टीमचा बॅकअप घ्या असं बटण असताना त्याच पडद्यावर मुळात फक्त सी ला टिक का? वापरणाऱ्याला १०० एमबीचं महत्त्व कळणार नाही हे उघड आहे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला तरी कळायला हवं होतं.

व्हिडिओ कॉलवर त्याला पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायला लावलं. भाषा निवडायचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबायचं, थेट कमांड प्रॉम्प्ट उघडतो. काही लॅपटॉपवर एफएन कीसुद्धा धरावी लागते. मेनूतून जायचं तर 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' (नव्या सेटअपमध्ये 'रिपेअर माय पीसी'), मग ट्रबलशूट असा फेरा मारावा लागतो. मी तो फेरा कधी मारत नाही.

पहिलं काम डिस्कपार्ट, म्हणजे डिस्क आणि पार्टिशनं हाताळायची कमांड. त्यात 'लिस्ट डिस्क' म्हटलं की डिस्कची यादी येते आणि उजव्या टोकाला जीपीटी नावाचा रकाना असतो. डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती: तिथे तारा असेल तर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची, नसेल तर जुन्या एमबीआर पद्धतीची. हा एक तारा बघितल्याशिवाय पुढची एकही कमांड मारू नये असं माझं मत आहे. यूईएफआयवर चालणाऱ्या मशीनमध्ये डिस्क एमबीआर होऊन बसली असेल तर अख्खा उपाय बदलतो. त्याच्या डिस्कला तारा होता, नशीब. 'लिस्ट व्हॉल्यूम' मध्ये मात्र अख्ख्या एसएसडीभर पसरलेलं एकच एनटीएफएस (म्हणजे विंडोजचं नेहमीचं पार्टिशन) आणि खाली आमचा पेनड्राइव्ह. फॅट-३२ चं बारकं काही नाही.

मग करायचं एवढंच की सी थोडा आकसवून ते बारकं पार्टिशन नव्याने बनवायचं. मोठं व्हॉल्यूम सिलेक्ट केलं, 'श्रिंक डिझायर्ड' ला ५०० दिलं, म्हणजे शेवटी ५०० एमबी जागा मोकळी झाली. मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय', साइझ ३००. मी ३०० घेते, कारण ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर फॅट-३२ ला किमान २६० एमबी लागतात, आणि दोनचार एमबी वाचवून कुणाचं भलं होणार आहे? मग 'फॉरमॅट क्विक', फाइल सिस्टीम फॅट-३२. मग त्याला एस हे अक्षर दिलं आणि डिस्कपार्टमधून बाहेर.

पुढची कमांड टाइप करण्याआधी त्याला थांबवलं. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलेलं असतं तेव्हा अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसतो, कधी सी म्हणजे भलतंच काहीतरी असतं. म्हणून प्रत्येक अक्षरावर डीआयआर (फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोज आणि युजर्स हे फोल्डर कुठे दिसतात ते बघायचं. त्याच्याकडे ते डी वर निघाले.

"मग आता डी टाकू? पण माझं तर सी आहे ना?"

"उठल्यावर ते आपोआप सी होईल. आत्ता जे दिसतंय ते टाक."

मग आली ती माझी लाडकी कमांड, बीसीडीबूट. तिला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोजचं फोल्डर कुठे आहे, 'स्लॅश एस' नंतर बूट फाइली कुठल्या अक्षरावर टाकायच्या, आणि 'स्लॅश एफ' नंतर यूईएफआय. एंटर दाबलं की दोनतीन सेकंदांत एक ओळ येते, बूट फाइली यशस्वीपणे तयार झाल्या. या दोनतीन सेकंदांत ती बूट मॅनेजर त्या पार्टिशनवर आणून ठेवते आणि बीसीडी कोरी करकरीत बनवते. 'स्लॅश एस' न देता चालवली तर ती तिसरी गोष्टही करते: मदरबोर्डच्या आठवणीत 'विंडोज बूट मॅनेजर' अशी नोंद घालते. तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावली किंवा बायोस रीसेट केला की ही नोंद नसू शकते, आणि मग डिस्कवर सगळं शाबूत असूनही मशीन ओळख दाखवत नाही. 'स्लॅश एस' न दिलेल्या बीसीडीबूटने तेही मिटतं.

पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट, आणि मशीन उठलं. वॉलपेपरवर त्याच्या मुलीचा फोटो होता तो तसाच, डेस्कटॉपवरचा पसाराही तसाच.

आता उण्या ताऱ्याचं एक कारण. या पेनड्राइव्हमध्ये 'स्टार्टअप रिपेअर' नावाचं एक बटण आहे आणि नवखा माणूस सगळ्यात आधी तेच दाबतो. वाईट नाही ते. बीसीडी बिघडली असेल, एखादी सिस्टीम फाइल खराब असेल तर बऱ्याचदा ते आपलं आपण निस्तरतं. पण रिस्टोरनंतर मूळ पार्टिशनच जागेवर नसेल तर ते बनवून देणं त्याच्या आवाक्यातलं नाही. नुसतं 'दुरुस्त करता आलं नाही' म्हणतं आणि एका लॉग फाइलचा पत्ता देतं. ती फाइल, एसआरटी ट्रेल, वाचण्यासारखी असते. कुठली चाचणी झाली आणि कुठे अडलं ते त्यात असतं. पडद्यावर त्यातलं एक वाक्य दाखवलं असतं तर किती जणांची रात्र वाचली असती.

आणि सोबत एक तक्रार या पेनड्राइव्हची नाही, त्याबद्दल व्हिडिओ करणाऱ्यांची. कुठलाही बूट एरर असो, यांचं औषध एकच: बूटरेक ही बूट दुरुस्तीची कमांड आणि तिचे चार प्रकार, फिक्सएमबीआरपासून सुरुवात. अहो, यूईएफआय मशीन एमबीआरमधला बूट कोड चालवतच नाही. तो दुरुस्त करून काय होणार? फिक्सबूट मारलं की 'ॲक्सेस डिनाइड' येतं आणि खाली प्रतिक्रियांत शेकडो लोक तेच विचारत बसलेले असतात. जुन्या बायोसच्या मशीनला बूटरेक ठीक आहे, तिथे ॲक्टिव्ह पार्टिशन बरोबर आहे ना तेही बघावं लागतं. नव्या मशीनवर थेट बीसीडीबूट.

'बूट डिव्हाइस नाही' हा झाला एक नमुना. दुसरा म्हणजे निळा पडदा येतो आणि शेवटी 'ई' असलेला तो सी-शून्य-शून्यवाला कोड दिसतो, म्हणजे आवश्यक डिव्हाइस सापडत नाही. इथे बूट मॅनेजर जिवंत आहे, पण बीसीडीत लिहिलेली डिस्क त्याला मिळत नाही. जुनी डिस्क गेली, नवीनची ओळख वेगळी, असं झालं की हे होतं. उपाय तोच, बीसीडीबूट. जुनी डिस्क मशीनमध्ये तशीच जोडलेली ठेवून क्लोन केलेली डिस्क पहिल्यांदा सुरू करू नका. दोन्हींची ओळख एकच असली की विंडोज एकीला ऑफलाइन करतं, आणि कधी आपण नव्यावरून उठलो असं वाटत असतं पण प्रत्यक्षात जुनीच चालू असते. पहिलं बूट एकाच डिस्कवर, मग दुसरी जोडा.

तिसरा नमुना मला सगळ्यात रंजक वाटतो. विंडोजचा लोगो येतो, ठिपके गोल फिरायला लागतात आणि मग निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', जुन्या लोकांच्या भाषेत सेव्हन बी. इथे बूट फाइलींना हात लावून उपयोग नाही, त्या आपलं काम करून मोकळ्या झालेल्या असतात. विंडोज उठायला लागलं, पण आपण ज्या डिस्कवर बसलो आहोत तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. जुन्या मशीनची इमेज वेगळ्या मशीनवर टाकली किंवा बायोसमध्ये स्टोरेजचा मोड (मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं ते) रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट गेला की हे हमखास. आधी बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वी होता तो करून बघा. निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. मोड बदलायचाच असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिटने (बीसीडी बदलायच्या कमांडने) सेफ मोड लावायचा, मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं आणि मग ते सेटिंग काढून टाकायचं. सेफ मोडमध्ये उठताना विंडोज स्टोरेजचे स्वतःचे मूळ ड्रायव्हर चालू करून घेतं. ड्रायव्हरच नसेल तर तो डिझम या कमांडने बंद पडलेल्या विंडोजमध्ये बाहेरून घालता येतो. पेनड्राइव्हच्या बाजूने हे फार मोठं काम आहे, आणि मी अर्धा तारा यासाठीच जास्तीचा दिला.

पण इथेच एक खोच आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कचा कारभार स्वतःकडे घेणारा व्हीएमडी नावाचा प्रकार चालू असतो, आणि त्यांच्यावर हा पेनड्राइव्ह लावला की डिस्कपार्टमध्ये आतली डिस्क दिसतच नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो. लोकांना वाटतं नवी एसएसडीही मेली. मेलेली नसते. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि ड्रव्हलोड कमांडने तिथल्या तिथे चढवायचा. डिस्क लगेच दिसायला लागते. माझ्या पेनड्राइव्हवर ते फोल्डर कायमचं मुक्कामाला आहे.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाबद्दल, थोडक्यात. रिस्टोरनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, मशीनच्या टीपीएमला (सुरक्षेच्या चिपला) बूटची साखळी बदललेली दिसली एवढाच त्याचा अर्थ. की मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा ऑफिसच्या खात्यात असते. ती आधीच कागदावर हवी. उलट बाजूही लक्षात ठेवा: चालू विंडोजमधून घेतलेली इमेज उघड्या डेटाची असते, त्यामुळे रिस्टोर झालेली डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसते. सगळं सुरळीत उठतं, कुणी काही विचारत नाही, आणि लॅपटॉप उघडा फिरत राहतो. बिटलॉकर परत चालू करावा लागतो.

पेनड्राइव्ह शिळा होतो, हे मात्र खरं. २०२३ साली ब्लॅकलोटस नावाचा बूटकिट (विंडोजच्या आधी उठणारा व्हायरस) गाजला, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने जुने बूट मॅनेजर सिक्युअर बूटच्या (फक्त विश्वासू बूट मॅनेजरला उठू देणाऱ्या सोयीच्या) काळ्या यादीत टाकायची सोय आणली. ज्या मशीनवर ती लागू केली आहे तिथे जुना पेनड्राइव्ह चालणार नाही, आणि जुन्या बॅकअपमधून आलेला बूट मॅनेजरही अडेल. त्यात सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपायला लागते. तात्पर्य हे की तीन वर्षांपूर्वी बनवून कपाटात टाकलेल्यावर विसंबू नका, वर्षातून एकदा नवा बनवा.

लिनक्सवाल्यांना याचा काडीचा उपयोग नाही. तुमचं दुखणं बहुधा एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्या यादीत असतं: फाइली कॉपी करून नव्या पार्टिशनवर टाकल्या, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला, आणि बूट दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये पडतं. कोणत्याही लाइव्ह पेनड्राइव्हवरून ब्लकआयडी बघा, एफएसटॅब सुधारा, क्रूट करून ग्रब आणि इनिटरॅमएफएस नव्याने बनवा. क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला या बॅकअप साधनांनी अख्खी डिस्क उचलली असेल तर यूयूआयडी तेच राहतात आणि हा प्रश्न सहसा येत नाही. तसंही मी घरच्या लोकांना हल्ली रेस्क्यूझिलाच सांगते. फुकट आहे, खिडक्या-बटणांचं आहे आणि डिस्क निवडली की तिच्यावरची सगळी पार्टिशनं धरतं. तेवढ्याने मावसभावाचं प्रकरण उद्भवलंच नसतं. मूळपेक्षा लहान डिस्कवर रिस्टोर करायला मात्र ते कामाचं नाही.

मशीन उठल्यावर एक काम लोक सोडून देतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'रीएजंट-सी', स्लॅश इन्फो बघा. रिकव्हरी पार्टिशन बॅकअपमध्ये नसेल तर रिकव्हरी 'डिसेबल्ड' दिसेल, म्हणजे पुढच्या वेळी मशीनच्या आतून दुरुस्तीचा पडदा येणार नाही. स्लॅश इनेबल करून बघा. फाइलच नाही म्हणालं तर ती याच पेनड्राइव्हच्या इन्स्टॉल फाइलमधून काढून जागेवर ठेवावी लागते. खटपट आहे, पण एकदाची.

राहता राहिली सुरक्षितता. विंडोज ११ च्या २४ एच २ आवृत्तीपासून सेटअपमध्ये 'इन्स्टॉल' आणि 'रिपेअर माय पीसी' हे दोन पर्याय एकाखाली एक येतात, आणि मुळात निवडलेला असतो तो इन्स्टॉल. घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करणाऱ्याच्या हातात हा पेनड्राइव्ह एकटा देऊ नये. कापलेला तारा मुख्यतः याचा. मावसभावाला मी पेनड्राइव्ह दिलाय खरा, पण त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: शिफ्ट एफ-१० दाब आणि मला फोन कर.